ह्ये कुठं जातं वो?

माण तालुक्यातल्या एका वाडीवर, पत्र्याच्या पडवीत बसून मी मावशींची मुलाखत घेत होते. (तालुका खरा आहे असं धरून चालू नका, का, ते पुढे येईलच.) मुलाखत हा शब्द माझा. मावशी शेंगा फोडत होत्या आणि बोलत होत्या, मी फोन गुडघ्याशी पालथा ठेवला होता. नवऱ्याच्या माघारी जमिनीवरून ज्यांना दिरा-पुतण्यांनी छळलं अशा बायकांवर मी लेख करत होते आणि मावशी त्यातल्या चौथ्या. पाऊण तास झाला असेल. एकाएकी त्यांचे हात थांबले. हनुवटीनं फोनकडे खूण करत त्यांनी विचारलं, "ताई, ह्ये कुठं जातं वो?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. कुठं नाही मावशी, माझ्यापाशीच राहतं. नाव छापणार नाही, गाव बदलेन. त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली.

परतीच्या एसटीत लक्षात आलं की मी खोटं बोलले होते. मुद्दाम नव्हे, सवयीनं. त्या रात्री ती फाईल नेहमीप्रमाणे मुलाखती उतरवून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवर चढणार होती. तिचा सर्व्हर कोणत्या देशात आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. वर्षभर मी बायकांची नावं बदलत होते, गावं बदलत होते, आणि मूळ आवाज जसाच्या तसा परक्याच्या हवाली करत होते. नाव बदलता येतं. आवाज कसा बदलणार? बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, म्हणजे बोलणारीचा पत्ता तिच्या क्रियापदांतच असतो. कान तयार असलेल्या माणसाला मावशींचा भाग ओळखायला दोन वाक्यं पुरे. वय, दमा, रडून बसलेला घसा, सगळं त्यातच.

घरी येऊन पहिल्यांदाच त्या सेवेच्या अटी वाचल्या. 'सेवा सुधारण्यासाठी' ध्वनिफीत वापरण्याची मुभा मी कधीचीच देऊन बसले होते.

'सेवा सुधारण्यासाठी' म्हणजे नेमकं काय, याचा उलगडा २०१९ साली झाला होता. तेव्हा मीही त्या बातम्या वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गनं छापलं की ॲमेझॉनच्या अलेक्साशी लोक जे बोलतात त्यातले काही तुकडे देशोदेशीचे कर्मचारी कानाला हेडफोन लावून ऐकतात. जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीच्या हाती गूगलच्या असिस्टंटचे हजारावर तुकडे लागले. त्यातले १५३ तुकडे असे होते की यंत्राला कुणी हाक मारलेलीच नव्हती. वार्ताहरांनी त्यातल्या पत्त्यांवरून काही माणसं शोधली आणि त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. त्याच महिन्यात गार्डियननं ॲपलच्या सिरीबद्दल हेच उघडकीला आणलं: डॉक्टर-रुग्णाचं बोलणं, शेजघरातले आवाज, आणि ते ऐकणारे कंत्राटी कामगार. ॲपलनं ऑगस्टमध्ये माफी मागितली. २०२१पासून सिरीला दिलेल्या हाका बऱ्याच अंशी फोनवरच ओळखल्या जाऊ लागल्या. न्यायालयातलं प्रकरण मिटवायला २०२४ च्या अखेरीला, चूक मान्य न करता, कंपनीनं साडेनऊ कोटी डॉलर देऊ केले. ॲमेझॉनला २०२३ मध्ये मुलांच्या ध्वनिफितींवरून अडीच कोटी डॉलर भरावे लागले. पालकांनी पुसायला सांगूनही बोलण्याची लिखित रूपं मागे ठेवली, हा आरोपांतला एक भाग होता.

हाक न मारता यंत्र कसं जागं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. अलेक्सासारख्या मदतनीसाचा टेबलावरचा डबा सतत ऐकतच असतो; त्याशिवाय त्याला हाक कळणार कशी? मात्र तो ऐकतो काही सेकंदांपुरतं. फळ्यावर लिहावं आणि लगेच पुसावं तसं चाललेलं असतं आणि एक छोटंसं मॉडेल त्यात एकच शब्द धुंडाळत असतं. शब्द सापडला की दार उघडतं आणि पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रांकडे धावतं. हा द्वारपाल पक्का बहिरट आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये या डब्यांपुढे मालिका आणि बातम्या लावून ठेवल्या, तर दार चुकून उघडणारे हजारावर शब्दसमूह निघाले. 'अनॲक्सेप्टेबल' ऐकून अलेक्सा जागी व्हायची, 'ओके, कूल' ऐकून गूगल. म्हणजे 'माझ्या परवानगीनंच ऐकतो' या वाक्यातली परवानगी अशी, दाराला नुसती कडी अडकवल्यासारखी.

आणि कडी बाहेरूनही काढता येते. अमेरिकेत इको या ॲमेझॉनच्या डब्याच्या काही थोड्या मॉडेलांवर 'आवाज बाहेर पाठवू नका' असा पर्याय होता. २८ मार्च २०२५ रोजी ॲमेझॉननं तो काढून घेतला. कारण दिलं की नव्या एआय सोयी क्लाउडच्या बळावरच चालतात. डबा तोच, भिंतीवरची जागा तीच, विकत घेतलेला पैसे मोजून. पण त्याचा एक स्वभाव एका ईमेलनं बदलला.

ब्लूमबर्गची बातमी आली त्याच एप्रिल २०१९ मध्ये इंक अँड स्विच नावाच्या एका संशोधनगटानं एक निबंध प्रसिद्ध केला होता. मार्टिन क्लेपमान आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांचा. 'लोकल-फर्स्ट' हा शब्द तिथून रूढ झाला. सांगणं साधं होतं: तुमच्या कामाची मूळ प्रत तुमच्या यंत्रावर असावी, सर्व्हरवर असली तर दुय्यम. नेट नसलं तरी काम चालावं. आणि कंपनी उद्या बुडाली तरी तुमचं लिहिलेलं तुम्हाला उघडता यावं. निबंधाचा रोख कागदपत्रांवर होता, आवाजावर नव्हे. आवाजाच्या बाबतीत तेव्हा हे सगळं लांबच्या गोष्टींत जमा होतं, कारण बोलणं बऱ्यापैकी ओळखणारी मॉडेलं घरच्या लॅपटॉपला झेपण्यासारखी नव्हती.

ती अडचण सप्टेंबर २०२२ मध्ये सुटली, आणि सोडवली ओपनएआयनं, जी स्वतः क्लाउडवर जगणारी कंपनी. तिनं व्हिस्पर नावाचं बोलणं ओळखणारं मॉडेल खुल्या परवान्यानं सगळ्यांना देऊन टाकलं. थोड्याच दिवसांत बल्गेरियातल्या गेओर्गी गेर्गानोव्हनं ते असं काही नव्यानं लिहून काढलं की महागडं ग्राफिक कार्ड नसलेल्या साध्या संगणकावरही ते चालावं. सगळ्यात मोठं मॉडेल तीन जीबीच्या आसपास, एका सिनेमाएवढं. एकदा उतरवून घेतलं की परत मागायची सोय देणाऱ्याकडेही नाही.

माझ्या लॅपटॉपवर ते बसवून दिलं मावसभावानं. तो पुण्यातच संगणकाच्या कामात आहे आणि कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "आता वायफाय बंद कर. फोनचं हॉटस्पॉट पण. आणि मग चालव." लोकल म्हणवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच्या मते एवढीच. तार काढायची आणि बघायचं, श्वास चालू आहे का. मावशींची फाईल लावली. पंखा मिक्सरसारखा घोंघावायला लागला, लॅपटॉपखालची उशी गरम झाली. अट्ठेचाळीस मिनिटांच्या बोलण्याला पावणेदोन तास लागले. पण शेवटी पडद्यावर मराठी ओळी होत्या आणि कोपऱ्यातल्या वायफायवर काट. मला अकारण मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

मग ओळी वाचायला घेतल्या.

'मळ्यात' सगळीकडे 'मल्यात' झालं होतं, ते चालेल. पण 'दिरानं अंगठा घेतला' याचं 'धीरानं अंगठा घेतला' झालं होतं, तेही सात ठिकाणी. छळणारा माणूसच वाक्यातून नाहीसा आणि त्याच्या जागी एक सद्गुण. याहून वाईट एक जागा होती. जमिनीच्या कागदाचं सांगता सांगता मावशी गप्प झाल्या होत्या. फितीवर अकरा सेकंद फक्त शेंगांचा आवाज आणि लांबवर कुत्रं. त्या जागी मॉडेलनं लिहिलं होतं: 'व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद.'

हे काही भूत नव्हे. इंटरनेटवरची ध्वनिफीत आणि तिच्यासोबतचे शब्द अशा जोड्यांवर हे मॉडेल शिकलं. शांतता आली की आता निरोपाची वेळ झाली असावी असा त्याचा समज. अमेरिकेत ॲलिसन कोनेकी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मोजून दाखवलं की त्यांनी तपासलेल्या तुकड्यांपैकी सुमारे एक टक्क्यात व्हिस्परनं कुणीच न बोललेली वाक्यं घातली होती, आणि अशा वाक्यांपैकी अडतीस टक्के अपाय करू शकतील अशी होती. ज्यांच्या बोलण्यात विराम जास्त, त्यांच्या वाट्याला हे जास्त. दुखऱ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्यात विरामच तर असतात. तेव्हापासून मी यंत्रानं उतरवलेली प्रत फक्त पाटी म्हणून वापरते. वर सगळं पुन्हा कानानं.

मराठीत ते इतकं का अडखळतं, याचं उत्तर व्हिस्परच्याच शोधनिबंधातल्या तक्त्यात आहे. पहिल्या आवृत्तीला शिकवायला एकूण ६,८०,००० तासांचं बोलणं होतं. त्यात मराठी बोलणं आणि त्याचं मराठीतच लेखन, अशी शिदोरी एक तासाचीसुद्धा नव्हती. आपल्या लग्नाच्या व्हिडिओत याहून जास्त मराठी असते. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाली, पण ओळख मुळातच तुटपुंजी.

मग यंत्राला मराठी शिकवायची कुणी? इथे गोष्ट मला गुंतागुंतीची वाटायला लागली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या ३६ जणांनी, म्हणजे कमी उत्पन्नाचे ग्रामीण आणि शहरी लोक आणि सोबत विद्यापीठातले विद्यार्थी, फोनवर वाक्यं वाचून १०९ तासांचं मराठी जमवून दिलं, मोबदला घेऊन. तुलना केली तर गरिबांच्या वाचनाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड निघाला. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटानं २०२४ मध्ये २२ भाषांतलं ७,३४८ तासांचं बोलणं खुलं केलं, १६,२३७ जणांचं, १४५ जिल्ह्यांतलं. त्यावर बेतलेली मॉडेलंही खुली आहेत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर कुणीही आपल्या आवाजात मराठी वाक्य दान करू शकतं. म्हणजे माझ्या मुलाखतीचा आवाज घराबाहेर जाऊ नये, ही माझी चैन अशा हजारो अनोळखी लोकांच्या जिवावर आहे ज्यांनी आपला आवाज घराबाहेर दिला. फरक इतकाच की त्यांना विचारलं होतं.

हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं, त्याची इथे आठवण होते. लाखावर ओव्या, हजारावर गावं, आणि पुढे १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणं. पहाटेच्या अंधारात बाई जात्यापाशी जे बोलायची ते ऐकायला जातंच असायचं, आणि जात्याचं तोंड बंद. त्याहून लोकल काही सुचत नाही मला. पण त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव जपलेलं आहे. तिथे नाव लावणं हा मान आहे, लपवणं हा अन्याय झाला असता. तेव्हा खासगीपण म्हणजे तोंड झाकणं, हे समीकरण मला आता पटत नाही. नाव लावायचं की गाळायचं, हे बोलणारीनं ठरवायचं. मी नाही, आणि माझ्या सॉफ्टवेअरनं तर नाहीच.

मावसभावाचं घर बघायला मिळालं तेव्हा 'लोकल' शब्दाचा आणखी एक कंगोरा दिसला. त्यानं होम असिस्टंट या खुल्या प्रणालीवर स्वतःचा बोलका मदतनीस उभा केलाय. या वाटेवर आधी बरेच जण बुडालेले आहेत, ते तो आवडीनं सांगतो. पॅरिसच्या स्निप्स कंपनीचं सॉफ्टवेअर पूर्णपणे घरच्या यंत्रावर चालायचं, पण त्याला शिकवायची जागा कंपनीच्या वेबसाइटवर होती. २०१९ च्या अखेरीला सोनोसनं स्निप्स विकत घेतली, ३१ जानेवारी २०२० ला ती जागा बंद झाली आणि हौशी मंडळी अधांतरी राहिली. मायक्रॉफ्ट या तशाच दुसऱ्या कंपनीचं २०२३ मध्ये दिवाळं वाजलं; आगाऊ पैसे भरलेल्या बऱ्याच लोकांना डबा मिळालाच नाही. होम असिस्टंटवाल्यांनी मात्र २०२३ हे 'आवाजाचं वर्ष' म्हणून घोषित केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ५९ डॉलरचा छोटा पांढरा डबा काढला. त्याच्या कडेला एक खटका आहे. तो सरकवला की माइकची वीजच तुटते. सॉफ्टवेअरला विनंती वगैरे नाही, खटका. मी तो चार-पाच वेळा उगाच सरकवून पाहिला. असं टकटक वाजणारं काही हल्ली हाताला लागत नाही.

भाऊ डब्याशी इंग्रजीत बोलतो. दिवा लाव म्हटल्यावर तीन-चार सेकंद जातात, तेवढ्यात माणूस उठून बटण दाबून येईल. पण त्याचा चेहरा खुललेला असतो. वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि मी आईशी फोनवर जे बोलते, ते ऐकून हा डबा चुकून जागा झाला, तर त्याची नोंद कुठं असते?"

"आपल्याच घरी. बाहेर काही जात नाही."

"आपल्या घरी म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर."

भाऊ गप्प. 'कुठं' या प्रश्नात मी दुसऱ्यांदा अडकले, या वेळी दुसऱ्याच्या वतीनं. कंपनीला दाराबाहेर काढलं तरी घरात एक प्रशासक उरतोच, आणि पासवर्ड त्याच्याकडे असतो. आपल्याकडे तो बहुधा कोण असतो हे सांगायला नको. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच पानोपानी आहे: फोन म्हणायला तिचा, हाताळणार नवरा, मुलगा, सासू, म्हणून ती एकेक संदेश निवडून पुसते, एखाद्या ॲपलाच कुलूप घालते, आणि संशय नको म्हणून अख्खा फोन उघडा ठेवते. मावशींना त्यांच्या मुलाखतीची प्रत हवी असती तर मी ती त्यांच्या फोनवर पाठवली असती का? त्यांच्या घरातला फोन पुतण्याच्या खिशात असतो. त्यांच्यासाठी अमेरिकेतला सर्व्हर लांब आहे आणि पुतण्या पडवीत आहे. मूळ प्रत बोलणाऱ्याच्या यंत्रावर असावी हा विचार छान आहे, पण तो अशा माणसानं केलाय ज्याचं यंत्र फक्त त्याचंच असतं.

कायदा या बाबतीत फार मदतीला येत नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती वापरासाठी केलेल्या प्रक्रियेला हातच लावत नाही, म्हणजे भावाचा डबा त्याच्या कक्षेबाहेर. पत्रकारितेला आधीच्या मसुद्यांत असलेली सवलत अंतिम कायद्यात नाही, म्हणजे मी आत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्यांना तिथून १८ महिन्यांची मुदत दिली. संमती मागताना सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे, हे चांगलंच. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी तोंडी विचारलं होतं.

आता माझी फजिती. लॅपटॉपवर सगळं बंदिस्त करून, हार्ड डिस्कला कुलूप घालून, भावाची शाबासकी घेऊन मी सात-आठ महिने निर्धास्त होते. भाद्रपदात फोनची जागा भरली म्हणून साफसफाई करायला बसले, तर रेकॉर्डरच्या फोल्डरसमोर एक लहानसा हिरवा टिकमार्क. ध्वनिमुद्रण झाल्या झाल्या प्रत्येक फाईलची एक प्रत क्लाउडवर जात होती. फोन नवा घेतला तेव्हा मीच कधीतरी 'हो, हो, पुढे' करत ती परवानगी दिलेली. कुणी फसवलं नव्हतं. वायफाय बंद करून मी लॅपटॉपची परीक्षा घेतली होती, फोनची घ्यायचं डोक्यातच आलं नाही. मावशींसकट चौदा बायका तिथे ओळीनं तारखेनुसार लावलेल्या होत्या.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन वाडीवर गेले. पुतण्या बाजाराला गेलेला. मावशी सुपात मटकी निवडत होत्या. जे झालं ते सांगितलं. कसं सांगावं याची एसटीत केलेली तालीम तिथे काही कामाला आली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लावा बगू, काय बोलले व्हते म्या."

स्वतःचा आवाज ऐकताना पहिल्यांदा सगळेच दचकतात. त्या दचकल्या नाहीत, पदर नीट केला. पडद्यावर यंत्रानं उतरवलेल्या ओळी होत्या, त्या मी वाचून दाखवत होते. 'धीरानं अंगठा घेतला' आलं तशा त्या थांबल्या आणि मोठ्यानं हसल्या.

"धीरानं न्हवं वो, दिरानं. धीर आमाला लागला."

कागदाच्या गोष्टीपाशी आल्यावर त्यांनी सुपावर हात आपटला. त्यात एका माणसाचं नाव होतं, कचेरीतल्या. "तेवढं काडा. बाकीचं ऱ्हाऊंद्या." आवाजाची निळी पट्टी त्यांच्याकडे फिरवली आणि कुठून कुठपर्यंत ते विचारलं. त्या बोट दाखवत गेल्या, मी कापत गेले. चार मिनिटं दहा सेकंद. शांततेचे अकरा सेकंद त्यात गेले. पुन्हा लावून दाखवलं, जोड कुठे लागला ते कळत नव्हतं. डिस्कवरची दुसरी प्रतही त्यांच्यासमोर कापली. मग फोन काढला, वाडीच्या उंचवट्यावर रेंज येते तिथवर दोघी चालत गेलो आणि क्लाउडवरची अख्खी फाईल पुसली.

पडद्यावर एक ओळ आली. मावशींनी विचारलं, "काय म्हनतंय?"

"कचऱ्यात टाकलीय म्हणतं. तीस दिवसांनी कायमची जाईल."

कचरा लगेच रिकामा करायचं बटण कुठे असतं ते मी शोधायला लागले आणि नेमकी तेवढ्यात रेंज गेली. फोन वर धरून मी इकडून तिकडे फिरत होते. मावशी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हंजी दिवाळीपतूर हाय तितं," त्या म्हणाल्या.